ओपेथ : गर्जना आणि बासरी

स्टॉकहोमच्या दक्षिणेला हुडिंगे नावाचा उपनगरांचा पट्टा आहे. १९९०च्या सुमारास त्या भागातल्या पोरांना एकच वेड लागलं होतं, डेथ मेटलचं. भरधाव ड्रम, कानाला कातरत जाणारी गिटार आणि घशाच्या तळातून काढलेली, शब्द जेमतेम कळू देणारी गुरगुर. या गुरगुरीला मेटलच्या जगात ग्राउल म्हणतात. याच गर्दीतून ओपेथ हा बँड निघाला. पुढच्या ३५ वर्षांत त्याने १४ अल्बम केले, आणि त्यांत डेथ मेटल, सत्तरच्या दशकातलं प्रोग्रेसिव्ह रॉक, लोकसंगीत, जॅझ असं बरंच काही आलं. एका टप्प्यावर त्याने अल्बममधलं ग्राउल पूर्णपणे बंद केलं आणि तेरा वर्षांनी पुन्हा सुरू केलं. प्रत्येक वळणावर जुने श्रोते दुखावले आणि नवे जोडले गेले. हे बदल लहर म्हणून झाले नाहीत. प्रत्येक वळणाची तयारी आधीच्या अल्बममध्ये दिसते. म्हणून ही गोष्ट क्रमानेच सांगायला हवी.

आधी जमीन कशी होती ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळांचं जाळं उभं राहिलं. साध्या घरातल्या मुलालाही माफक खर्चात वाद्य हातात घेता येऊ लागलं. प्रौढशिक्षणासाठी सरकारी मदत मिळणाऱ्या संस्था तरुणांच्या बँडना सरावाची खोली मिळवून देत. ऐंशीचं दशक संपता संपता या खोल्यांतून मेटलचा आवाज येऊ लागला. टोमास स्कोग्सबेर्गच्या सनलाइट स्टुडिओत केलेला पहिला अल्बम एंटूम्ब्ड या बँडने १९९० साली काढला आणि स्टॉकहोमच्या आवाजाला ओळख मिळाली. त्या आवाजाची युक्ती अगदी साधी होती. बॉस कंपनीचं एचएम-२ हे छोटं डिस्टॉर्शन पेडल घ्यायचं आणि त्याची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची. त्यातून निघणारा खरखरीत, जाड सूर लवकरच शहरभर ऐकू येऊ लागला.

ओपेथ सुरू केला तो डेव्हिड इस्बेर्ग या गायकाने. विल्बर स्मिथच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतल्या एका काल्पनिक प्राचीन नगरावरून त्याने बँडचं नाव घेतलं. १६ वर्षांच्या मिकाएल ओकरफेल्टला त्याने बेस वाजवायला बोलावलं, पण बाकीच्या मंडळींना काही सांगितलंच नव्हतं. ओकरफेल्ट सरावाला पोहोचला तेव्हा वाद झाला आणि इस्बेर्ग सोडून सगळे निघून गेले. उरले दोघेच. १९९२मध्ये इस्बेर्गही बाहेर पडला. आता गाणं आणि गाणी रचणं, दोन्ही ओकरफेल्टवर आलं. सोबत गिटारवर पीटर लिंडग्रेन आणि ड्रमवर आंडर्स नोर्डिन होते. बेस वाजवायला पुढे योहान दे फारफाला आला.

ओकरफेल्टला आणखी एक नाद होता, जुन्या तबकड्या जमवण्याचा. सीडी आली तशी लोकांनी घरातल्या एलपी विकायला काढल्या. सत्तरच्या दशकातलं प्रोग्रेसिव्ह रॉक तेव्हा जुनाट मानलं जात होतं, त्यामुळे त्या तबकड्या स्वस्तात मिळत. कॅमल, किंग क्रिमसन आणि कुणाच्या फारशा आठवणीत नसलेले युरोपीय बँड या पोराच्या कानावर पडले. दहा-दहा मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारी लय, बासरी, मेलोट्रॉन. संध्याकाळी सरावाच्या खोलीत डेथ मेटल आणि घरी कॅमल, असं हे जगणं होतं. ओपेथचं पुढचं सगळं संगीत या दोन आवडींना एकाच गाण्यात नांदवण्याच्या धडपडीतून आलं.

पहिला अल्बम 'ऑर्किड' १९९४च्या वसंतात डान स्वानोच्या युनिसाउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि १९९५मध्ये कँडललाइट या ब्रिटिश कंपनीने काढला. पैसा तुटपुंजा, वेळ त्याहून कमी. त्या घाईच्या खुणा अल्बमवर आजही आहेत. 'रिक्विएम' या छोट्या गिटाररचनेचा शेवट मास्टरिंगमधल्या चुकीमुळे पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला जाऊन चिकटला, आणि तसाच छापला गेला. पण त्या काळच्या स्टॉकहोममध्ये हा अल्बम वेगळा पडला तो एका मोठ्या कारणाने. इथे दोन गिटार एकमेकींच्या वरखाली स्वतंत्र चाली वाजवत होत्या आणि मध्येच सगळा गोंगाट थांबून ध्वनिक गिटार सुरू होत होती.

१९९६च्या 'मॉर्निंगराइज'मध्ये हीच वाट टोकाला नेली. अल्बममध्ये गाणी फक्त पाच, पण लांबी तासाहून अधिक. 'ब्लॅक रोझ इमॉर्टल' हे एकटंच गाणं २० मिनिटांचं आहे. मोठ्या ख्यालाची सवय असलेल्या कानाला लांबीचं काही वाटणार नाही, पण इथे ख्यालासारखी एका रागाची बैठक नाही. एक धून येते, दुसरीला जागा देते आणि बहुधा परत येत नाही. तरुण रचनाकाराकडे सांगायला खूप होतं, आवरायची कला अजून आली नव्हती. शेवटच्या 'टू बिड यू फेअरवेल'मध्ये मात्र ओकरफेल्टने ग्राउल बाजूला ठेवून सगळं गाणं साध्या आवाजात म्हटलं. पुढे जे घडलं त्याचं बीज या गाण्यात आहे.

या अल्बमच्या दौऱ्यानंतर बँड मोडायच्या बेतात आला. दे फारफालाला काढलं, नोर्डिन गेला. त्यांच्या जागी दोन मार्टिन आले, ड्रमवर मार्टिन लोपेस आणि बेसवर मार्टिन मेंडेस. दोघांची मुळं उरुग्वेत. लोपेसच्या हातात डेथ मेटलची ताकद होती, पण त्याचबरोबर एक मोकळी, झुलती लयही होती. पुढच्या काही वर्षांत ओपेथच्या संथ जागा जिवंत राहिल्या त्यात त्याच्या वादनाचा वाटा मोठा आहे.

१९९८चा 'माय आर्म्स, युअर हर्स' गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये झाला. मेंडेसला तयारीला वेळ न मिळाल्याने बेसही ओकरफेल्टनेच वाजवला. इथे त्याने पहिल्यांदा स्वतःला बंधन घातलं. सगळ्या गाण्यांची मिळून एकच कथा : मेलेला माणूस भूत होऊन प्रिय व्यक्तीच्या आसपास घुटमळतो. गाणी आटोपशीर झाली, धून परत येऊ लागली, आवाज जड आणि घट्ट झाला. पुढच्या वर्षीचा 'स्टिल लाइफ'ही कथाच सांगतो. श्रद्धा नाकारली म्हणून गावाने हाकलून दिलेला माणूस वर्षांनंतर आपल्या प्रेयसीसाठी, मेलिंडासाठी परत येतो. या अल्बममध्ये साधा आवाज आणि ग्राउल यांना कथेतली कामं मिळाली. हळवेपण एकाकडे, संताप दुसऱ्याकडे. दोन्ही आवाज एकाच माणसाचे, एकाच गाण्यातले.

'स्टिल लाइफ'ची एक प्रत एका पत्रकारामुळे लंडनजवळ राहणाऱ्या स्टीव्हन विल्सनच्या हाती पडली. विल्सन हा पोर्क्युपाइन ट्री या बँडचा म्होरक्या, ध्वनिमुद्रणातला अत्यंत बारकाईचा माणूस. डेथ मेटलशी त्याचा फारसा संबंध नव्हता. अल्बम ऐकून त्याने ओकरफेल्टला ईमेल पाठवला. त्या ईमेलमधून जमलेली मैत्री ओपेथच्या इतिहासातली सर्वांत फलदायी ठरली. ओकरफेल्ट मुळात विल्सनच्या संगीताचा चाहता होता. त्याने विल्सनलाच पुढच्या अल्बमचा निर्माता व्हायला सांगितलं.

२००१चा 'ब्लॅकवॉटर पार्क' हे त्या मैत्रीचं फळ. विल्सनने रचना फारशा बदलल्या नाहीत. त्याने लक्ष घातलं ते थरांमध्ये. साध्या आवाजाला दुसऱ्या-तिसऱ्या आवाजाची साथ दिली, पियानोची एखादी ओळ घातली, गिटारच्या मागे धुक्यासारखे सूर पसरले, 'ब्लीक'मध्ये स्वतः गायला. 'द ड्रेपरी फॉल्स' सावकाश सुरू होतं, तेव्हा पुढे केवढं वादळ आहे याचा अंदाज येत नाही. ते आलं की ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही, गाण्याच्या पोटातून आल्यासारखं वाटतं. ओपेथ ज्या जोडणीच्या मागे दहा वर्षं होता ती इथे साधली. अमेरिकेतले दौरे सुरू झाले आणि स्कँडिनेव्हियाबाहेरचा मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो याच अल्बममुळे.

आता पुढे काय? केटाटोनिया या बँडचा गायक आणि ओकरफेल्टचा जुना मित्र योनास रेंक्से याने सुचवलं की एक जड आणि एक मऊ असे दोन वेगळे अल्बम करावेत. म्हणजे आजवर कष्टाने एकत्र आणलेल्या गोष्टी मुद्दाम वेगळ्या काढायच्या. २००२मध्ये दोन्हींचं काम एकाच वेळी सुरू झालं आणि ते सगळ्यांच्या जिवावर आलं. पुरेसा सराव नव्हता, स्टुडिओत अडचणी निघत होत्या, बँडमध्ये तणाव वाढला होता. त्यातच ओकरफेल्टची आजी वारली. जड अल्बम 'डेलिव्हरन्स' त्याने तिलाच अर्पण केला. तो २००२च्या अखेरीस आला आणि मऊ अल्बम 'डॅम्नेशन' २००३च्या वसंतात.

'डॅम्नेशन'मध्ये एकही ग्राउल नाही. गिटार स्वच्छ, ड्रम हलके, आणि सगळीकडे मेलोट्रॉनचा अंमल. हे वाद्य जरा जवळून पाहण्यासारखं आहे. दिसायला पेटीवजा कीबोर्ड, पण प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तो एक सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते, आणि सुमारे आठ सेकंदांत ती संपते. बोट उचलावंच लागतं. फितीच्या सरकण्यात थोडी थरथर असते म्हणून सूर किंचित डगमगतो. सत्तरच्या दशकातल्या रॉकचा तो विषण्ण, जुन्या छायाचित्रासारखा रंग इथून येतो. विल्सनने ते वाजवलं आणि 'विंडोपेन'सारख्या गाण्यांतून ओकरफेल्टचा साधा आवाज पहिल्यांदाच अल्बमभर ऐकू आला. डेथ मेटल कधीच न ऐकलेल्या लोकांच्या घरात ओपेथ शिरला. आणि ग्राउलशिवायही हा बँड ओळखू येतो, हे सगळ्यांना कळलं.

दौऱ्यांत या गाण्यांसाठी कीबोर्डवादक हवा होता. पेर वीबेर्ग आला आणि लवकरच बँडचा पूर्ण सभासद झाला. २००५चा 'घोस्ट रेव्हरीज' ओरेब्रूच्या फॅसिनेशन स्ट्रीट स्टुडिओत येन्स बोग्रेनच्या देखरेखीखाली झाला. नवी कंपनी होती रोडरनर, मेटलमधली बडी. आता गाणी सोपी होतील अशी धास्ती चाहत्यांना होती. प्रत्यक्षात पहिलंच गाणं 'घोस्ट ऑफ पर्डिशन' दहा मिनिटांचं निघालं. वीबेर्गच्या ऑर्गन आणि मेलोट्रॉनमुळे बँडच्या आवाजाला कायमची खोली मिळाली. पण माणसं पुन्हा बदलू लागली. तब्येतीच्या कारणाने २००६मध्ये लोपेस गेला आणि मार्टिन अक्सेनरोट आला. २००७मध्ये सुरुवातीपासूनचा सोबती लिंडग्रेनही निघाला. त्याच्या जागी आर्च एनिमी बँडमधून फ्रेडरिक ओकेसन आला, अत्यंत तयारीचा गिटारवादक.

नव्या मंडळींचा पहिला अल्बम 'वॉटरशेड' २००८चा. तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २३व्या क्रमांकावर पोहोचला. सुरुवात ध्वनिक गिटार आणि स्त्रीच्या आवाजाने होते. 'द लोटस ईटर'मध्ये भरधाव ड्रमवर साधा आवाज चढतो आणि मध्येच फंकचा ठेका येतो. 'बर्डन' या गाण्याच्या शेवटी गिटार वाजत असतानाच तिच्या तारा सैल केल्या जातात आणि ओळखीची चाल हळूहळू बेसूर होत जाते. या अल्बमच्या काळात, फेब्रुवारी २००९मध्ये, आयआयटी मद्रासच्या सारंग महोत्सवात ओपेथ चेन्नईत वाजला. एप्रिल २०१०मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये २० वर्षांचा सोहळा झाला. पूर्वार्धात संपूर्ण 'ब्लॅकवॉटर पार्क', उत्तरार्धात इतर अल्बममधलं एकेक गाणं. आजवरचा हिशेब मांडून झाला होता.

त्यानंतर ओकरफेल्ट नवीन गाणी रचायला बसला तेव्हा पहिली दोन 'वॉटरशेड'च्याच वळणाची झाली. ती ऐकून मेंडेसने सांगितलं की हेच पुढे चालू राहणार असेल तर माझी निराशा होईल. ओकरफेल्टने मुलाखतींतून सांगितलं आहे की त्याला सुटल्यासारखं वाटलं. गाणी टाकून दिली आणि नव्याने सुरुवात केली. बँडच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण घ्यायला बेसवादकाचं ते एक प्रामाणिक मत पुरेसं ठरलं, कारण म्होरक्याच्या मनात तेच होतं.

'हेरिटेज' सप्टेंबर २०११मध्ये आला. ध्वनिमुद्रण स्टॉकहोमच्या अटलांटिस स्टुडिओत झालं, जिथे पूर्वी, स्टुडिओचं नाव मेट्रोनोम असताना, आब्बाची गाणी झाली होती. सुरुवातीला एकटा पियानो. तो ऐकताना यान योहानसनची आठवण होते, ज्याने साठच्या दशकात स्वीडिश लोकगीतं जॅझच्या अंगाने वाजवून त्या देशाला आपलंच संगीत नव्याने ऐकवलं. पुढे बासरी आहे, तालवाद्यं आहेत, अधूनमधून जवळजवळ पूर्ण शांतता आहे. 'स्लिदर' हे गाणं गायक रॉनी जेम्स डिओला वाहिलेली आदरांजली आहे. ग्राउल कुठेच नाही. मुखपृष्ठावर झाड आहे, त्याला फळांच्या जागी वादकांची डोकी लटकलेली, आणि त्यातलं एक गळून पडताना दिसतं. ते वीबेर्गचं. अल्बम पूर्ण होता होता तो बँडबाहेर पडला होता आणि त्याची जागा योआकिम स्वालबेर्ग घेणार होता.

या वेळी धक्का जोराचा बसला. 'डॅम्नेशन'च्या वेळी सोबत 'डेलिव्हरन्स' होता, म्हणून लोकांनी त्याला प्रयोग मानलं होतं. आता सोबतीला काही नव्हतं. दौऱ्याच्या सुरुवातीच्या मैफलींतही ग्राउलची गाणी वगळली गेली आणि ती ऐकायला आलेले लोक चिडले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. ज्या गाण्यांनी त्यांच्या वाईट दिवसांत सोबत केली, ती त्यांना हवी होती. पण ओकरफेल्टची बाजूही खरी होती. 'वॉटरशेड'पर्यंत जड-मऊ-जड ही मांडणी इतकी अंगवळणी पडली होती की त्यात शोधण्यासारखं फार उरलं नव्हतं. पुढच्या दौऱ्यांत जुनी गाणी परत आली. अल्बमची दिशा मात्र त्याने बदलली नाही.

२०१४चा 'पेल कम्युनियन' वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत झाला. तंतुवाद्यांचा समूह आला, गळ्यांची सुरेल जोडणी आली, आणि भयपटांना संगीत देणाऱ्या गॉब्लिन या इटालियन बँडच्या नावाने एक वाद्यरचनाही आली. 'हेरिटेज'मध्ये चाचपडत टाकलेली पावलं इथे स्थिर झाली. २०१६च्या 'सॉर्सरेस'ने जाड गिटार परत आणली. २०१९चा 'इन काउडा वेनेनम' मुळात स्वीडिशमध्ये लिहिला गेला आणि सोबत इंग्रजी आवृत्तीही निघाली. जगभर इंग्रजीत गाणाऱ्या बँडने तीस वर्षांनी आपल्या मातृभाषेत संपूर्ण अल्बम म्हणणं ही छोटी गोष्ट नव्हती. स्वीडिश स्वरांच्या लांबीमुळे ओकरफेल्टचा आवाज अधिक सैल आणि भरदार लागतो. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या एनएच७ वीकेंडर महोत्सवात हा बँड वाजला, आणि महाराष्ट्रातल्या चाहत्यांना तो आपल्या गावात ऐकता आला.

२०२१मध्ये अक्सेनरोट गेला. फिनलंडचा तरुण ड्रमवादक वाल्टेरी वायरुनेन आला आणि बँडच्या लयीत नवी चपळाई आली. नोव्हेंबर २०२४मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला, आणि त्यात ग्राउल परतलं. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एका श्रीमंत, करड्या कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राचं वाचन. समोर त्याची जुळी मुलं आणि पोलिओ झालेली एक मुलगी. कलमामागून कलम वाचलं जातं तशी घराण्याची गुपितं बाहेर पडतात. म्हणून पहिल्या सात गाण्यांना नावं नाहीत, फक्त कलमांचे क्रमांक आहेत. ग्राउल इथे प्रामुख्याने त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा आवाज झालं आहे. त्याच्या मागे जेथ्रो टल या बँडच्या इयान अँडरसनची बासरी आणि निवेदन आहे. ज्या दशकातल्या तबकड्या ओकरफेल्ट पोरवयात स्वस्तात जमवत होता, त्या दशकाचा एक नायक आता त्याच्याच गाण्यात वाजवत होता.

या प्रवासाचं मोल काय? नुकसान आधी सांगायला हवं. 'हेरिटेज'नंतर एक मोठा वर्ग दूर गेला आणि त्यातले सगळे परतले नाहीत. मधल्या अल्बममध्ये काही जागी जुन्या बँडांवरचं प्रेम रचनेपेक्षा मोठं झालं, हेही खरं. पण मिळालं ते अधिक आहे. डेथ मेटल ऐकणारी एक पिढी ओपेथमार्गे किंग क्रिमसन आणि कॅमलपर्यंत पोहोचली, आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचे जुने श्रोते ज्या आवाजाला कान देत नव्हते त्याच्याकडे वळले. मेटल बँडने वय वाढताना काय करावं, याचं एक उत्तरही मिळालं. विसाव्या वर्षी केलेलं पन्नाशीत तसंच करून दाखवायची सक्ती नसते.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ग्राउलचं परतणं. १९९५मध्ये ते होतं कारण आजूबाजूला सगळेच तसं गात होते. २०२४मध्ये ते आलं कारण एका पात्राला त्याची गरज होती. तेरा वर्षं ते सोडल्याशिवाय हा फरक ओकरफेल्टला कळला नसता आणि श्रोत्यांनाही ऐकू आला नसता. ज्यांनी २०११ साली 'हेरिटेज' अर्ध्यावर थांबवला, त्यांनी तो आज 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'नंतर लावून पाहावा. हा नवा अल्बम त्या जुन्याशिवाय झालाच नसता, हे त्यांना नक्की ऐकू येईल.